'रन' म्हणजे फक्त धावणे नव्हे

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात 'रन' या क्रियापदाचे ६०० हून अधिक अर्थ नोंदवले आहेत. ते पाठ करण्याच्या फंदात पडूच नका. आधी कर्ता पाहा, मग कर्म, आणि शेवटी क्रियापदानंतरचा छोटा शब्द.

कर्ता नाक असेल तर ते वाहतं, कपड्याचा रंग असेल तर तो धुताना पसरतो. रस्ता असेल तर तो नदीकाठाने जातो, आणि तिथे साधा वर्तमानकाळच हवा: 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर'. आपण सवयीने 'इज रनिंग' लिहितो, ते चूकच.

समानार्थी शब्दही कर्ता-कर्मावर ठरतात. कंपनीसाठी 'मॅनेज' चालतं, यंत्रासाठी 'ऑपरेट', रंगासाठी 'ब्लीड'. चाचणीसाठी 'कंडक्ट' किंवा 'कॅरी आउट'. निवडणुकीला अमेरिकेत 'रन फॉर', ब्रिटनमध्ये बहुधा 'स्टँड फॉर'. कोशातला पहिला पर्याय उचलून कुठेही डकवला की वाक्य बिघडतं.

खरी गंमत शेपटीत आहे. 'रन इंटू अ फ्रेंड' म्हणजे मित्र अचानक भेटणं. 'रन ओव्हर अ फ्रेंड' म्हणजे त्याच्या अंगावरून गाडी घालणं! पण 'रन ओव्हर द लिस्ट' म्हणजे यादीवरून झटकन नजर फिरवणं. 'वी रॅन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं. यात 'ऑफ' गाळायचा नाही.

आणि हो, 'हॅव'नंतर 'रॅन' नाही, 'रन'च.