आधी एक्सल, मग गिअरबॉक्स : आमची वाटचाल

जुन्या अमेरिकन पिकअपना ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांवर चालवणारा जादा वरचा गिअर असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बसवून देणं हेच आमचं काम. सुरुवातीला आम्ही गिअरबॉक्स विकायचो. आता गिऱ्हाइकाकडे आधी दोन आकडे मागतो: मागच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सकडून एक्सलकडे जाणारा दांडा, किती फेरे फिरतो) आणि मागच्या टायरची उंची. हे दोन हातात आल्याशिवाय कुठल्याच बॉक्सचं नाव काढत नाही. आमच्या धंद्यात बदल झाला तो एवढाच, पण परत येणाऱ्या गाड्या त्यानेच कमी झाल्या.

हिशेब साधा आहे. ताशी मैल, गुणिले एक्सलचा रेशो, गुणिले ३३६, भागिले इंचांत टायरची उंची. आले इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे. शेव्हर्ले सी-१० पिकअपला ३.७३ चा एक्सल आणि २८ इंची टायर असेल, तर ६५ मैलांच्या वेगाला सरळ टॉपमध्ये इंजिन २९०० वर ओरडत असतं. त्यावर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह आला की २०४०. ४.११ चा एक्सल असेल तर ३२०० चे २२४५ होतात. गाडी बदलल्यासारखी वाटते. पण ३.०८ चा एक्सल असेल तर २४०० वरून १६८० वर येतं. एवढ्या कमी फेऱ्यांवर कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन अडखळतं, जरा चढ आला की बॉक्स तिसऱ्यात उतरतो, पुन्हा चौथ्यात जातो, पुन्हा उतरतो. अशा गाडीला नुसता ओव्हरड्राइव्ह बसवायला आम्ही नाहीच म्हणतो. आधी क्राउन-पिनियन (एक्सलचा रेशो ठरवणारी दातेरी जोडी) बदला, मग बघू.

रेशो कागदावरून सांगू नका. पन्नास वर्षांत त्या एक्सलमध्ये कोणी काय घातलंय, कोण सांगणार? साधं डिफरन्शियल असेल तर पुढची चाकं अडवा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या, बॉक्स न्यूट्रलमध्ये टाका आणि ते चाक पूर्ण दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला, तो रेशो. लिमिटेड स्लिप (एक चाक एकटंच घसरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाकं उचलून एकच फेरा. टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा पुढे ढकला, अंतर मोजा, ३.१४ ने भागा. टायरच्या बाजूवर छापलेल्या मापापेक्षा हे खरं.

आता बॉक्स. जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा टीएच३५० हा तीन गिअरचा बॉक्स असतो, त्याचे रेशो २.५२, १.५२, १. त्याच्या जागी सर्रास चार गिअरचा ७००आर४ सुचवतात. तो १९८२ मध्ये आला. सुरुवातीचे टाळा, १९८७ नंतरचा घ्या. पहिला गिअर ३.०६, त्यामुळे उभ्या गाडीला जोरदार ओढ मिळते. पण दुसरा १.६३, म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम ४७ टक्के खाली पडतात. ४.११ च्या एक्सलला तर पहिला गिअर चौक ओलांडण्याआधीच संपतो. २००-४आर चे आकडे २.७४, १.५७, १, ०.६७, पायऱ्या जास्त सारख्या. शिवाय त्याची एकूण लांबी छोट्या टेलच्या (मागच्या नळीच्या) टीएच३५० इतकीच, म्हणून शाफ्ट कापावा लागत नाही, फक्त क्रॉस मेंबर (बॉक्सला खालून धरणारी चॅसिसची आडवी पट्टी) मागे न्यावा लागतो. हलक्या इंजिनाच्या गाडीला आमची पसंती यालाच. मोठं इंजिन किंवा मागे ट्रेलर असेल तर ४एल८०ई. तो जड आहे, लांब आहे, बाहेर येणाऱ्या आउटपुट शाफ्टचे दाते २७ ऐवजी ३२, आणि चालवायला वेगळा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो. ४एल६०ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक ७००आर४. त्यालाही कंट्रोलर हवा, कार्ब्युरेटरवर थ्रॉटल सेन्सर बसवावा लागतो आणि केबलचा स्पीडोमीटर तसा चालत नाही.

फोर्डवाल्यांना एओडी हा फोर्डचा चार गिअरचा बॉक्स स्वस्तात सापडतो. त्याचा चौथा ०.६७ आणि त्या गिअरमध्ये सगळा जोर आतल्या सडपातळ शाफ्टमधून थेट जातो, कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि बॉक्स तेलाने जोडणाऱ्या डब्यातून) नाही. म्हणून लॉकअपची (कन्व्हर्टर घसरू नये म्हणून तो घट्ट जोडण्याची) वायरिंग नाही, पण चौथ्यात जोरात पाय दाबायची सवय असेल तर तो शाफ्टच कमजोर दुवा. आणि फोर्डच्या एफ-१०० पिकअपमध्ये जुनं ३६० किंवा ३९० इंजिन असेल तर एओडी सरळ बसतच नाही, बेलहाउसिंगचा (इंजिनाला बोल्टने जोडणाऱ्या बॉक्सच्या पुढच्या घंटेचा) नमुना वेगळा.

७००आर४, २००-४आर आणि एओडी, तिघांनाही टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल असते (काही एओडींना केबलऐवजी दांडा). इथेच सगळ्यात जास्त बॉक्स मरतात. टीएच३५० ची किकडाउन केबल सैल राहिली तर फार तर गिअर खाली पडत नाही. टीव्ही केबल मात्र आतल्या तेलाचा दाबच ठरवते. ‘आत्ता गल्लीत एक चक्कर मारतो, केबल उद्या लावू’ असं म्हणून ७००आर४ निघाला, तर दाबाअभावी तिसऱ्या-चौथ्याचे क्लच घसरतात आणि ती एक चक्कर पुरते. जुळवणी अशी: इंजिन बंद, केबलवरचं डी आकाराचं बटण दाबून सरक फायरवॉलच्या दिशेने पूर्ण मागे ढकला, बटण सोडा. मग दुसऱ्या माणसाला आत बसवून पेडल तळाला टेकवायला सांगा. सरक टकटक करत पुढे येते आणि जागा पकडते. हाताने थ्रॉटल ओढून हे करू नका. पेडलने कार्ब्युरेटर पूर्ण उघडतच नसेल तर ते इथेच कळतं. दुसऱ्या मेकचा कार्ब्युरेटर असेल तर केबल थ्रॉटल लिव्हरच्या कुठल्याही भोकात अडकवून भागत नाही. पिव्होटपासूनचं अंतर चुकलं की शेवट बरोबर येतो, पण मधला दाब चुकतो. त्यासाठी दुरुस्ती ब्रॅकेट मिळतो, तो घ्याच.

बसवताना दुसरी महागडी चूक कन्व्हर्टरची. तो आधी बॉक्समध्ये ढकलून फिरवत राहायचं. एक, दोन, तीन वेळा ‘ठक’ करून आत उतरतो. तिसरा ठक राहिला आणि बेलहाउसिंगचे बोल्ट आवळून फट मिटवली, तर पंप आतच फुटतो आणि इंजिन चालू होईपर्यंत पत्ता लागत नाही. बेल ब्लॉकला हाताने टेकली पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनाच्या मागच्या पातळ चकतीपर्यंत) पुढे ओढायला ३ ते ५ मिलिमीटर अंतर उरलं पाहिजे.

७००आर४ ला शाफ्ट सुमारे ३ इंच आखूड करावा लागतो, पण हे माप छोट्या टेलच्या टीएच३५० वरून. माप घेताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी, आणि योक (शाफ्टचं बॉक्समध्ये सरकणारं टोक) पूर्ण आत टेकवून मग इंचभर बाहेर काढलेला. टेकलेलाच ठेवला तर स्प्रिंग दबताना शाफ्ट बॉक्सला ढकलतो. क्रॉस मेंबर हलला की टेलची उंचीही बदलते. बॉक्सचा आणि एक्सलच्या पिनियनचा कोन सारखा आणि विरुद्ध ठेवा, फरक एका अंशाच्या आत. नाहीतर ५० मैलांवर सीट घुमायला लागते आणि लोक दोष बॉक्सला देतात.

लॉकअप जोडायचा आळस नको. चौथ्यात कन्व्हर्टर लॉक झाला नाही तर सतत थोडा घसरतो आणि तेल तापतं. इग्निशनचे १२ व्होल्ट ब्रेक स्विचमधून आणि व्हॅक्यूम स्विचमधून न्यायचे, चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच बॉक्सच्या आत. ब्रेक स्विच वगळला तर जोरात ब्रेक मारताना लॉक सुटत नाही आणि इंजिन बंद पडतं. कूलर वेगळा लावाच. जुन्या रेडिएटरच्या टाकीतला एकटा पुरत नाही, आणि आधीचा बॉक्स जळून गेला असेल तर त्याच्या लाइनमध्ये क्लचचा चुरा बसलेला असतो. लाइन धुऊन काढा, नाहीतर नवा बॉक्स तोच चुरा पितो.

रिकाम्या ७००आर४ ला कन्व्हर्टरसकट सुमारे ११ क्वार्ट (क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटर) तेल लागतं. ते एकदम ओतायचं नाही. आधी ५ ओता, इंजिन चालू करा, उरलेलं हळूहळू भरा. पातळी गरम तेलावर, इंजिन चालू, पार्कमध्ये. मग सगळे गिअर एकदा फिरवून पुन्हा डिपस्टिक बघा.