रिकाम्या टँकचा कागद

लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रे पाहतो. धोकादायक मालाच्या घोषणापत्रात यूएन क्रमांक (संयुक्त राष्ट्रांनी अशा मालाला दिलेला ओळख क्रमांक), मालाचे विहित नाव, धोक्याचा वर्ग आणि पॅकिंग ग्रुप (धोक्याची तीव्रता दाखवणारा गट) याच क्रमाने आणि मध्ये इतर मजकूर न घुसवता लिहावे लागतात. व्यापारी नाव तेथे चालत नाही. २००४ पासून सागरी वाहतुकीला बंधनकारक झालेल्या आयएमडीजी संहितेचा, म्हणजे धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमावलीचा, हा नियम अनेकांना कारकुनी हट्ट वाटतो. पावसाळ्यातील त्या संध्याकाळनंतर माझ्यासमोर कोणी तसे म्हटले की मला राग आवरत नाही.

वसाहतीतील दुसऱ्या एका कारखान्यात माल उतरवून न्हावा शेवा बंदराकडे परत निघालेला एक टँक कंटेनर भोस्ते घाटात बंद पडला होता आणि त्याच्या वरच्या व्हॉल्व्हजवळून पांढरा धूर येत होता. आमच्या आपत्कालीन पथकाला बोलावणे आले, तेव्हा कागद वाचण्यासाठी मलाही सोबत नेण्यात आले. पाऊस कोसळत होता, वाहने दोन्ही बाजूंना तुंबली होती आणि वाऱ्याच्या दिशेला उभी असलेली माणसे खोकत होती. बंबावरच्या जवानाने पाईप सोडवून ठेवला होता. त्याने एवढेच विचारले, "साहेब, पाणी मारू का?"

चालकाने प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिलेल्या कागदावर 'एम्प्टी टँक' एवढेच छापलेले होते. क्रमांक नव्हता, नाव नव्हते, वर्गही नव्हता. टँक रिकामा झाला म्हणून त्याच्यावरचे धोक्याचे फलकही काढून टाकलेले होते. वास्तविक आत धोकादायक मालाचा अवशेष असलेला टँक स्वच्छ करून निर्धोक होईपर्यंत फलक उतरवता येत नाहीत. कागदावरही आधीच्या मालाचे संपूर्ण वर्णन द्यावे लागते आणि त्याच्या आधी किंवा नंतर 'एम्प्टी अनक्लीन्ड' (रिकामा, पण न धुतलेला) किंवा 'रेसिड्यू लास्ट कंटेन्ड' (आधीच्या मालाचा अवशेष) असे शब्द जोडावे लागतात. म्हणजे तेथे 'यूएन १८३६, थायोनिल क्लोराइड, वर्ग ८, पॅकिंग ग्रुप एक, एम्प्टी अनक्लीन्ड' एवढी एक ओळ हवी होती. ती असती तर पाण्याचा प्रश्न तेथेच मिटला असता, कारण थायोनिल क्लोराइडला पाणी लागताच हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड हे दोन्ही वायू सुटतात आणि गळतीवर मारलेला झोत टँकमध्ये शिरला तर परिस्थिती कितीतरी बिघडते.

ते नाव आम्हाला कागदावरून नव्हे, चालकाकडून मिळाले, तेही अर्धवट. माल कोणत्या कारखान्यात उतरवला हे त्याने सांगितले. तेथील पाळीप्रमुखाला फोन लागेपर्यंत आम्ही जवानाला थांबवून धरले आणि लोकांना वाऱ्याच्या उलट दिशेला हलवले. त्यानंतर श्वसनसंच आणि आम्लरोधक पोशाख घातलेल्या दोघांनी वर चढून ब्लाइंड फ्लँजचे, म्हणजे व्हॉल्व्हचे तोंड बंद करणाऱ्या झाकणाचे, सैल बोल्ट आवळले आणि व्हॉल्व्हवर पाऊस पडू नये म्हणून प्लास्टिकचे आच्छादन बांधले.

चालकाला दोष देणारे दुसऱ्या दिवशी पुष्कळ भेटले. मला ते मान्य नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार असा माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते व त्याचे प्रशिक्षण झालेले असावे लागते. या चालकाला वाचता येत होते, प्रशिक्षणही झाले होते. वाचण्यासारखे त्याच्या हातात कोणी काही दिलेच नव्हते. धोकादायक म्हणून नोंद केली की शिपिंग कंपनी जादा आकार लावते, आणि तो वाचवण्यासाठीच 'रिकामा' या शब्दाचा आसरा घेतला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या एजंटाने तो कागद बनवला, त्याचे म्हणणे आजही असे आहे की संगणकावरील नमुन्यात रिकाम्या टँकसाठी मालाच्या नावाचा रकानाच उघडत नाही. ते खरे असेलही, परंतु घोषणापत्राखालची सही संगणक करत नाही.

तो टँक पुढे पूर्ण वर्णनासह आणि चारही बाजूंना फलक लावूनच घाटाबाहेर पडला. आमच्या फाटकावर आता रिकाम्या टँकचाही कागद माझ्या तपासणीशिवाय सुटत नाही. मात्र वसाहतीतील इतर फाटकांवर तो कोण वाचतो, हे मी अजून विचारत फिरतो आहे.