‘षम’ तारखेचं चलन

मराठीत ‘षम’ असा शब्द नाही. हे मला आता पक्कं माहीत आहे, कारण वाहतूक पोलिसांच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या साहेबांनी ते मला ऐकवलं.

आईचं पितळी पातेलं कल्हईला टाकायला नाशिकच्या भांडी बाजाराकडे गेलो होतो. अलीकडच्या एका गल्लीत स्कूटर लावली. खांबावर गोल निळी पाटी, लाल काठ, एकच तिरकी लाल रेघ. म्हणजे गाडी उभी करून जायचं नाही. दोन रेघांची फुली असती तर नुसतं थांबायलाही मनाई. खाली पट्टीवर लिहिलेलं: ‘षम तारखेस पार्किंग बंद’. म्हटलं, पेंटरने ‘सम’चा ‘षम’ केलाय. आपल्याकडे ‘शुद्ध’ शब्द शुद्ध लिहिलेला किती पाट्यांवर दिसतो? तारीख होती १७. बिनधास्त लावली.

संध्याकाळी चलनाचा मेसेज. मूळ शब्द ‘विषम’ होता, उन्हापावसात ‘वि’ उडाला होता.

दंड ५०० रुपये. बायको म्हणाली, भरून टाका. पण तोच गुन्हा पुन्हा नावावर लागला तर १५०० होतात, आणि चूक माझी नव्हतीच. शिवाय एकदा पैसे भरले की गुन्हा कबूल केल्यासारखंच. भांडायचं असेल तर आधी भरू नका. हो, आणि मेसेजमधल्या लिंकवर किंवा एपीके (अ‍ॅपच्या) फाइलवर बोट ठेवू नका, त्यात खोटी चलनंही फिरतात. सरकारी साइटवर जाऊन गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की खरं-खोटं कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाटीचे फोटो काढले. या सगळ्या प्रकरणात मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढं एकच. ऑनलाइन तक्रार केली, फोटो जोडला. काही दिवसांनी उत्तर: तक्रार अमान्य. कारण नाही, सही नाही, काही नाही.

मग ऑफिस. पहिल्या दिवशी ‘मोठे साहेब बंदोबस्तावर’. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या साहेबांनी कागद तरी हातात घेतला.

“काका, षम असा शब्द असतो का?”

“नसतो ना साहेब, म्हणून तर सम वाचलं.”

“मग विषम का नाही वाचलं?”

याला काय उत्तर देणार? मी म्हटलं, पाटीवर जेवढं आहे तेवढंच वाचलं. ते म्हणाले, पाटी आमच्याकडे नसते. मी म्हटलं, चलन तर तुमच्याकडे असतं! मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं आणि साहेबांचा चेहरा उतरला. तोंड आवरायला हवं होतं. कारण पुढचा प्रश्न आला: “हा फोटो त्याच दिवसांतला कशावरून?”

इथे मी फसलो. फोटो मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून सीबीएस बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली होती. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो गेला की कधी काढला ही माहिती त्यातून निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साहेब म्हणाले, ताजा फोटो आणा, पाटी अजून तशीच असेल तर बघू.

तडक गल्लीत गेलो. पाटी नवी कोरी! ‘विषम’ ठसठशीत, ‘वि’ तर जरा जास्तच मोठा. माझ्या तक्रारीनेच रंगवली की कुंभमेळ्याच्या तयारीत, देव जाणे. पुरावा मात्र पुसला गेला. शेजारचा दुकानदार म्हणाला, “परवाच रंगवली.” लिहून देता का विचारल्यावर तो एकदम गिऱ्हाइकात गुंतला.

ओळखीचे वकील म्हणाले, लोकअदालतीत घाला, कमी करून मिळेल. पण तिथे तडजोड होते. मला ५०० चे २५० नको होते, शून्य हवं होतं.

चौथ्या फेरीला मोठे साहेब भेटले. या वेळी प्रिंट बाजूला ठेवून थेट मोबाइल पुढे केला: गॅलरीतला मूळ फोटो, तपशिलात १८ तारीख, सकाळचे साडेआठ. शेजारी नव्या पाटीचा फोटो. त्यांनी दोन्ही मोठे करून पाहिले आणि खिडकीतल्या साहेबांना हाक मारली.

“अरे, हे वाच.”

“षम... सर.”

“हं. घे यांचा अर्ज.”

बाकीचं काम दहा मिनिटांत झालं. अर्जावर पोच मागून घ्या, ते देतात, फक्त आपणहून देत नाहीत. तीन आठवड्यांनी साइटवर पाहिलं, चलन गायब.

पातेलं अजून कल्हईवाल्याकडेच आहे. आई रोज विचारते.