बदकांच्या वाटेने बॉस्टन

बॉस्टनला आलं की जो तो आधी फ्रीडम ट्रेलवर धाडतो, फुटपाथवरच्या लाल रेषेवरून चालत जा, जुनी चर्च बघा, कबरी बघा. ते सगळं केलं, चांगलं आहे, ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी जरूर करावं. माझ्या डोक्यात मात्र दुसरीच वाट होती. चार्ल्स नदीपासून पब्लिक गार्डनच्या तळ्यापर्यंत, एक बदकीण आपली आठ पिल्लं घेऊन भर ट्रॅफिकमधून चालत जाते ती. 'मेक वे फॉर डकलिंग्ज' नावाचं पुस्तक, १९४१ साली आलेलं, गोष्ट आणि चित्रं दोन्ही रॉबर्ट मक्लॉस्कीची. माझी ताई नदीपलीकडच्या केंब्रिजला राहते, तिच्या पाच वर्षांच्या पोराला ते तोंडपाठ आहे, त्यामुळे गाईड घरचाच मिळाला.

मेट्रोच्या रेड लाईनने लाँगफेलो ब्रिज ओलांडून चार्ल्स एमजीएच स्टेशनला उतरलो. पादचारी पुलावरून नदीकाठच्या एस्प्लनेडवर गेलो, बदकं दिसली, भाच्याने हजेरी घेतली, आणि मग मागे फिरून चालायला सुरुवात. पण खरी गंमत इथेच आहे. पुस्तकातली बदकीण, मिसेस मॅलार्ड, इथे रस्ता ओलांडायला जाते, गाड्या भोंगे मारतात, ती आणि पिल्लं उलट क्वॅक क्वॅक ओरडतात, आणि मायकेल नावाचा पोलीस, जो त्यांना रोज शेंगदाणे घालत असतो, धावत येऊन हात वर करून ट्रॅफिक थांबवतो. आज त्या काठाने स्टॉरो ड्राइव्ह गेलाय, पुस्तकानंतर दहा वर्षांनी, १९५१ साली सुरू झालेला, गाड्या नुसत्या सुसाट. मायकेलसारखे चार उभे केले तरी बदकीण पलीकडे जाईल असं मला वाटत नाही. आम्ही आपले पुलावरून गेलो.

मक्लॉस्की मूळचा बॉस्टनचा नव्हेच. ओहायोतल्या हॅमिल्टन गावचा, जन्म १९१४. इथे व्हेस्पर जॉर्ज आर्ट स्कूलमध्ये शिकायला आला तेव्हा पब्लिक गार्डनमधून जाता-येता बदकं बघायचा, बस्स, तेवढंच. शिकून झाल्यावर आपली चित्रं घेऊन न्यूयॉर्कला व्हायकिंग प्रकाशनाच्या संपादक मे मॅसी यांच्याकडे गेला, आणि चित्रं कसली तर पंखवाले घोडे, ड्रॅगन, स्पॅनिश गलबतं, सगळं भारी भारी. बाईंनी त्याला जेवायला नेलं आणि ते ड्रॅगन बाजूला ठेव म्हणून सांगितलं. तेव्हा चिडला असेल बहुतेक, मी असतो तर चिडलोच असतो. पण मग त्याने स्वतःच्या गावाकडची, माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या पोराची गोष्ट केली, 'लेंटिल', ती १९४० मध्ये छापून आली. पुढे म्युरलच्या, म्हणजे भिंतीवरच्या चित्राच्या, कामासाठी बॉस्टनला परत आला तेव्हा बागेतल्या बदकांमुळे ट्रॅफिक अडतं हे त्याच्या कानावर आलं आणि पुढचं पुस्तक सापडलं.

आता बदक काढायचं म्हणजे काय मोठंसं, आपण शाळेत दोनाचा आकडा काढून बदक करायचो. हा माणूस न्यूयॉर्कमध्ये म्युझियममधली पेंढा भरलेली बदकं बघून आला, पक्षीतज्ज्ञाला जाऊन भेटला, तरी समाधान होईना म्हणून बाजारातून मॅलार्ड जातीची जिवंत बदकं विकत आणली आणि ग्रीनिच व्हिलेजमधल्या अपार्टमेंटमध्ये मोकळी सोडली. रूममेट पण चित्रकारच, मार्क सिमाँट, त्याच्या सहनशक्तीलाही एखादं मेडल द्यायला हवं होतं. बदकं बाथटबमध्ये पोहतायत आणि हा गुडघ्यांवर रांगत त्यांच्या मागे, एका हातात स्केचबुक, दुसऱ्या हातात घाण पुसायला टिश्यूचा डबा. बदकं फार चपळ म्हणून त्यांना थोडी रेड वाइन पाजली, असंही सांगतात.

ही मेहनत चित्रात दिसते कुठे, तर उंचीत. सुरुवातीला मिस्टर आणि मिसेस मॅलार्ड घर शोधत उडतायत तेव्हा आपणही वरून बघतो, बीकन हिलची छपरं, स्टेट हाऊसचा घुमट, लुइसबर्ग स्क्वेअर (तिथे पोहायला पाणी नाही म्हणून नापास). आणि पिल्लं झाल्यावर चित्र एकदम जमिनीवर येतं, माणसांचे बूट, गाड्यांची चाकं. रंग एकच, तपकिरी. जस्ताच्या प्लेटवर लिथोग्राफीच्या (प्लेटवरून छपाई करायच्या) क्रेयॉनने काढलेली चित्रं, त्यामुळे पिसांना ती मऊ खरखर आहे. मला तरी रंगीत असतं तर इतकं आवडलं नसतं.

चार्ल्स स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना विटांची घरं, मधे मधे अँटिकची दुकानं. माउंट व्हर्नन स्ट्रीटचा कोपरा आला तेव्हा भाच्याने थांबवलं, 'मामा, इथून ते वळतात!' पुस्तकातल्या पानावर याच कोपऱ्यावर पुस्तकांचं दुकान आहे. पुढे बीकन स्ट्रीट, जिथे चार पोलीस मिळून ट्रॅफिक थांबवतात. आमच्यासाठी साधा सिग्नल.

आणि गार्डनच्या त्या कोपऱ्यातच नॅन्सी शॉन यांनी केलेली ब्राँझची बदकीण, मागे जॅक, कॅक, लॅक, मॅक, नॅक, वॅक, पॅक, क्वॅक, १९८७ पासून, बॉस्टनच्या जुन्या दगडांच्या साधारण पस्तीस फुटांच्या पट्टीवर. चौथरा नाही, कुंपण नाही, पोरं सरळ पाठीवर बसतात, त्यामुळे डोकी घासून घासून सोन्यासारखी चकाकतात. आम्ही गेलो तेव्हा सगळ्यांना लोकरीच्या टोप्या घातलेल्या होत्या, कोणी घातल्या कोण जाणे. अधूनमधून एखादं पिल्लू चोरीलाही जातं आणि मग नवीन करून बसवतात. असाच एक सेट मॉस्कोत आहे, १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनी सोव्हिएत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी राइसा गोर्बाचेव यांना दिलेली भेट, तिथलीही काही चोरीला गेली होती!

मग स्वान बोट. १८७७ पासून पॅजेट कुटुंब चालवतंय, मागच्या मोठ्या हंसाच्या आत बसून एक जण सायकलसारखे पेडल मारतो आणि बोट आपली रमतगमत तळ्यात फिरते. पुस्तकात मिस्टर मॅलार्ड या लाकडी हंसाला गुड मॉर्निंग करतो आणि तो उत्तर देत नाही, फार शिष्ट आहे म्हणून. आमच्या बोटीतून भाच्यानेही करून बघितलं. पेडल मारणारा मुलगा हसला, हंस अर्थातच बोलला नाही.

या पुस्तकाला १९४२ चं कॅल्डेकॉट मेडल, म्हणजे अमेरिकेत मुलांच्या चित्रपुस्तकाला मिळणारा मोठा पुरस्कार, मिळालं. नंतर मक्लॉस्की मेन राज्यातल्या एका बेटावर कुटुंबाला घेऊन राहायला लागला आणि तिथलं जे दिसेल ते काढत गेला, बायको आणि मुलगी ब्लूबेरी तोडतायत ते 'ब्लूबेरीज फॉर साल' (याची शाई गडद निळी), आणि बेटावर वादळ येतं ते 'टाइम ऑफ वंडर', पूर्ण रंगीत, त्याला १९५८ चं मेडल. दोनदा कॅल्डेकॉट मिळवणारा तो पहिलाच. तरी स्वतः लिहून चित्रं काढलेली पुस्तकं एकूण आठच, शेवटचं १९६३ चं. गेला २००३ मध्ये, म्हणजे मधली चाळीस वर्षं स्वतःचं एकही नवीन पुस्तक नाही, कठपुतळ्या वगैरे करत बसला. आजच्या प्रकाशकाने फोन करून करून हैराण केलं असतं.

जाणार असाल तर थंडीत जाऊ नका, स्वान बोटी साधारण एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच असतात. मदर्स डेला गेलात तर पोरं बदकांचे कपडे घालून परेड काढतात तीही बघायला मिळेल. बीकन हिलचे विटांचे फुटपाथ वरखाली आहेत, स्ट्रोलर असेल तर चार्ल्स स्ट्रीट सोडून वर चढायच्या भानगडीत पडू नका.