रिलीव्हिंग लेटर अडतं कुठे? माझा अनुभव

चाकणच्या ज्या कंपनीत मी काम शिकलो तिच्याबद्दल कृतज्ञता आजही आहे. नवी ऑफर, पगाराची बोलणी हे सुरळीत पार पडलं. अडलं ते रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं कंपनीचं पत्र, आणि साहेबांचं कारण एकच: ‘तू घरचाच माणूस, हे प्रोजेक्ट संपवून जा.’ त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या मते कंपनीशी निष्ठा म्हणजे हातातलं काम नीट सोपवून जाणं. जायची तारीख मोकळी ठेवणं ही निष्ठा नव्हे. नेमणूकपत्रात 90 दिवसांचा नोटीस पिरियड असेल तर तो पूर्ण द्यावा, पण राजीनाम्याच्या मेलमध्येच शेवटच्या दिवसाची तारीख टाकावी. पत्रात ‘कामाचे दिवस’ असं वेगळं लिहिलेलं नसेल तर रविवार-सुट्ट्या धरूनच मोजणी होते. 1 जूनला राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून मोजलं, तर 90वा दिवस 30 ऑगस्टला येतो. नोटीसमध्ये रजा घेतली तर अनेक कंपन्या तेवढे दिवस पुढे ढकलतात. हा नियम आधीच वाचा.

आता खरा अडथळा. साहेब तोंडी ‘हो’ म्हणतात, पोर्टलवर मात्र राजीनामा त्यांच्याच मंजुरीसाठी पडून असतो. मंजुरी नाही म्हणून नो ड्यूजचा, म्हणजे कंपनीचं काही देणं बाकी नसल्याचा, फॉर्म उघडत नाही. नो ड्यूज नाही म्हणून आयटी, स्टोअर, अकाउंट्स यांच्या सह्या नाहीत, आणि सह्या नाहीत म्हणून पत्र नाही. एचआरला विचारलं तर ते साहेबांकडे पाठवतात आणि साहेब एचआरकडे. एका क्लिकवर सगळं अडतं, आणि तिकडे नवी कंपनी जॉइनिंगची तारीख विचारत असते.

यावर चालतो तो कागद. राजीनाम्याच्याच मेलला उत्तर म्हणून दर आठवड्याला स्मरण पाठवा, त्यात एचआर आणि साहेबांच्या वरच्यांना ठेवा. सोबत हँडओव्हरचा तक्ता जोडा: कोणतं काम, सध्या कुठपर्यंत, ड्रॉइंग आणि फाइली कुठे, कोण घेणार, कधी समजावलं. घेणाऱ्याकडून मेलवर ‘मिळालं’ एवढं लिहून घ्या. पत्र अडवताना ‘हँडओव्हर बाकी आहे’ हेच कारण पुढे केलं जातं, आणि हा तक्ता असला की ते कारण उरत नाही. लॅपटॉप परत करताना सिरियल नंबरसह पोच घ्या. प्रवासाचा अ‍ॅडव्हान्स मिटवला नसेल तर अकाउंट्सची सही हमखास थांबते, ते आधीच उरका.

नव्या कंपनीला हे सुरुवातीलाच सांगावं. बऱ्याच ठिकाणी राजीनामा स्वीकारल्याचा मेल जॉइन होण्यापुरता चालतो, पत्र नंतर दिलं तरी भागतं. म्हणूनच तो स्वीकाराचा मेल सगळ्यात आधी मिळवा.

‘स्पर्धक कंपनीत जाता येणार नाही’ या कलमाची भीती घातली जाते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे नोकरी संपल्यानंतर असं बंधन सहसा टिकत नाही. गोपनीय माहिती न नेण्याचं बंधन मात्र राहतं, आणि ते पाळलंच पाहिजे. बाँडचं वेगळं. ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास रक्कम भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात वैध ठरवली. तिथे मुदत 3 वर्षांची आणि रक्कम 2 लाखांची होती.

राजीनाम्याआधी बघायची एक गोष्ट राहिली: ग्रॅच्युइटी, म्हणजे केलेल्या सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम. कायम नोकरीला 5 वर्षं होत आली असतील तर तारीख त्यानंतरची धरा. हिशेब असा: ग्रॅच्युइटीसाठी धरलेला पगार × 15 ÷ 26 × वर्षं. 40,000 रुपयांवर 5 वर्षांचे सुमारे 1,15,385 रुपये होतात.

काउंटर ऑफर, म्हणजे थांबण्यासाठी जुन्याच कंपनीची वाढीव ऑफर, आलीच तर हुद्दा आणि पगार पत्रावर मागा. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

पीएफसाठी जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख नोंदवली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर 2 महिन्यांनी ती यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) पोर्टलवर आधार ओटीपीने स्वतः नोंदवता येते. दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढू देऊ नका, 2025 पर्यंत त्यावरून पीएफची ट्रान्स्फर अडकायची. आणि पगाराच्या स्लिपा शेवटच्या दिवसाआधीच उतरवून घ्या. त्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं.