कामठीला गेलात तर नदीवरही जा

नागपूरकर कामठीला जातो तो ड्रॅगन पॅलेससाठी. पाहुणे आले की गाडी काढायची, बुद्धमूर्तीसमोर दोन मिनिटं बसायचं, हिरवळीवर फोटो काढायचे की झाली कामठी. आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. या खेपेला मात्र आधी कन्हान नदी गाठायची, बाकीचं नंतर, असं ठरवूनच निघालो.

ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, पुढे ऑटो. छावणीचा भाग लागला की रस्त्याचा नूरच बदलतो. मोठाली झाडं, चुना-गेरू लावलेले दगड, कुठे कागदाचा कपटा नाही. नागपूरकर भोसले आणि इंग्रजांची सीताबर्डीची लढाई 1817 मधली. त्यानंतर चारच वर्षांत, 1821 मध्ये, इंग्रजांनी इथे छावणी वसवली. आजही ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र इथेच आहे, त्यामुळे कामठीचा निम्मा इतिहास फाटकाच्या आत. सीताबर्डीचा किल्ला निदान 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला तरी आपल्यासाठी उघडतो. इथे बाहेरूनच मान वळवून बघायचं आणि पुढे सरकायचं.

कन्हानवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल मात्र कुणालाही बघता येतो. नव्या पुलावरून जाणाऱ्यांचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. त्यासाठी खाली पात्राकडे उतरावं लागतं. दगडांच्या सांध्यांतून पिंपळाची रोपटी उगवलीत, पण कमानी ताठ उभ्या आहेत. आपण नागपूरचे लोक याच नदीचं पाणी पितो आणि नाग नदीतून शहराची सगळी घाण खाली तिच्याच पात्रात सोडतो. असो.

मला खरं यायचं होतं ते बाबू हरदास एल. एन. यांच्या समाधीपाशी. हरदास लक्ष्मणराव नगराळे हे पूर्ण नाव. जन्म कामठीचाच, 6 जानेवारी 1904 चा. नागपुरात दिवसातून शंभरदा कानावर पडणारं ‘जय भीम’ अभिवादन म्हणून रूढ केलं ते या माणसाने. सतरा-अठराव्या वर्षी ‘महारठ्ठा’ नावाचं साप्ताहिक काढलं, बिडी कामगारांची संघटना बांधली आणि 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठीतून निवडून आले. 12 जानेवारी 1939 ला क्षयाने गेले. वय अवघं पस्तीस! दीक्षाभूमीवरचा 1956 चा तो लाखोंचा जयघोष ऐकायला ते नव्हते, ही गोष्ट मला तिथे उभं राहिल्यावर फारच लागली.

समाधीपाशी त्या दुपारी फारसं कुणी नव्हतं. एक म्हाताऱ्या बाई सावलीला बसल्या होत्या. मी ‘जय भीम, आजी’ म्हटलं तशा सरसावून बसल्या.

‘कुठून आले जी?’

‘नागपूरहून.’

‘आता काय दिसते तुम्हाले इथं? बारा जानेवारीले या. पाय ठेवाले जागा नसते.’

त्यांची आई बिड्या वळायची. बोलता बोलता त्यांनी हातात काहीच नसताना वळून दाखवली: तेंदूपत्त्याचा तुकडा बोटांवर, त्यात चिमूटभर तंबाखू, अंगठ्याने एक गुंडाळी, नखाने तोंड दुमडायचं, वर दोऱ्याचे वेढे. ‘अशा हजार झाल्या का मंग पैसे. त्यातून खराब म्हणून काढून फेके ते येगळ्या.’ हरदासबाबूंची संघटना कशासाठी होती, हे मला त्या बोटांकडे बघताना समजलं. तोवर नुसतं वाचलेलं होतं.

माझी एक तक्रार आहे. एवढ्या मोठ्या माणसाच्या गावात शिरताना रस्त्यावर त्यांचं नाव ठळक दिसायला हवं. मला तरी जाताना दिसलं नाही, विचारत विचारतच पोचलो. ड्रॅगन पॅलेसचा रस्ता मात्र शेंबडं पोरही सांगतं.

तिथे गेलोच शेवटी. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने 1999 मध्ये उभं राहिलेलं हे विहार आतून खरोखर शांत आहे, चंदनाची बुद्धमूर्ती तर निवांत बघावी अशी. बाहेर मात्र सेल्फीवाल्यांची जत्रा.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, पावसाळ्यात पात्रात उतरायच्या फंदात पडू नका. आणि आजींचं ऐकायचं असेल तर 12 जानेवारीलाच; फक्त त्या दिवशी गाडी घरी ठेवा.