कॉलममध्ये अडकलेलं लायपेज

दुपारी तीन वाजता वहीत हिशोब मांडला. कॉलमवर, म्हणजे प्रथिनं वेगळी करणाऱ्या मण्यांनी भरलेल्या नळकांडीवर, १२०० युनिट (युनिट हे एन्झाइमच्या कामाचं माप) लायपेज घातलं होतं आणि खालून येणारं द्रावण जमवलेल्या चाळीसही नळ्या मोजून जेमतेम ६० युनिट हाती लागत होती. त्यामागे आठवडाभराची मेहनत होती. जिवाणू वाढवले, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घेतलं, अमोनियम सल्फेटने प्रथिनं खाली बसवली, रात्रभर डायलिसिस करून त्यातलं सॉल्ट काढलं. हे सगळं डोळ्यांसमोर येऊन पोटात खड्डा पडला.

लायपेज म्हणजे तेल-चरबीचे रेणू तोडणारं एन्झाइम. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे याला काम करावं लागतं ते तेलाच्या थेंबाच्या पृष्ठभागावर. साहजिकच त्याच्या अंगाला तेलाची ओढ असते, आणि त्याच ओढीचा फायदा घ्यायचा म्हणून मी ऑक्टिलचा कॉलम निवडला होता. अ‍ॅगारोजच्या बारीक मण्यांवर आठ कार्बनच्या तेलकट साखळ्या लावलेल्या असतात. रीत ठरलेली: भरपूर सॉल्ट असलेल्या बफरमधून नमुना घालायचा, मग सॉल्ट कमी करत आणायचं, की प्रथिनं एकामागून एक सुटून येतात. तशी ती आलीही. २८० नॅनोमीटरला, म्हणजे प्रथिनं शोषून घेतात त्या प्रकाशात, छान शिखरं दिसली. पण लायपेजने तोडल्यावर पिवळा रंग देणाऱ्या सब्सट्रेटमध्ये, म्हणजे पॅरा-नायट्रोफिनाइल पामिटेटमध्ये, एकेका नळीतला थेंब टाकत गेले, तर रंग जेमतेमच येई.

एन्झाइम मेलं म्हणावं, तर कॉलमवर न घातलेला थोडा नमुना सकाळपासून बाकावरच होता आणि त्याची अ‍ॅक्टिव्हिटी जशीच्या तशी होती.

"कॉलम धुतलास का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, आता ट्रायटॉनने धुणारच होते." ट्रायटॉन म्हणजे साबणासारखा डिटर्जंट.

"थांब. आधी चिमूटभर बीड्स काढून बघ."

स्पॅच्युलाच्या टोकावर मावतील एवढे ओले बीड्स, म्हणजे कॉलममधले मणी, मी सब्सट्रेटच्या नळीत टाकले. दुधट द्रावणात ते तळाशी बसेपर्यंत त्यांच्याभोवती पिवळं कडं उमटलं आणि बघता बघता सगळी नळी पिवळीधमक झाली. माझ्या तोंडून आनंदाने आवाजच निघाला.

मॅडम मात्र लगेच भुलल्या नाहीत. त्या पामिटेटच्या द्रावणातही ट्रायटॉन असतं, आणि ट्रायटॉन लायपेजला तेलकट पृष्ठभागावरून सोडवतं. म्हणजे पिवळा रंग बीड्सवर बसलेल्या एन्झाइमचा की सुटून पाण्यात आलेल्या, हे या चाचणीत कळणारच नव्हतं. हा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो फार मोलाचा होता. मग ट्रायटॉनशिवाय चालणारं, तसाच पिवळा रंग देणारं दुसरं सब्सट्रेट, ब्युटायरेट, घेतलं. चुंबकाचा स्टरर लावायला गेले तेव्हा मॅडमनी हात धरला. अ‍ॅगारोजचे मऊ मणी त्याखाली भरडले जातात. नळी हातानेच हलवत राहिले. अर्धवट पिवळं झालेलं द्रावण गाळून घेतलं, तर गाळलेल्या पाण्याचा रंग तिथेच थांबला. उरलेल्या बीड्सवर नवं सब्सट्रेट ओतलं, की ते पुन्हा पिवळं. एन्झाइम बीड्सवरच घट्ट बसून काम करत होतं.

खरा धक्का पुढे होता. तुलना बरोबरीची व्हावी म्हणून बाकावरचा मूळ नमुनाही ब्युटायरेटवर नव्याने मोजला. बीड्सवरची एकूण अ‍ॅक्टिव्हिटी घातलेल्या लायपेजच्या जवळजवळ दीडपट निघाली. कोऱ्या बीड्सचा ब्लँक लावून, म्हणजे एन्झाइमशिवाय येणारा रंग वजा करून, तीनदा मोजली, आकडा हलला नाही.

याचं उत्तर लायपेजच्या घडणीत आहे. १९९० साली लायपेजच्या पहिल्या त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाल्या, तेव्हा दिसलं की जिथे तेलाचा रेणू तुटतो ती खोबण एका झाकणाखाली असते. नुसत्या पाण्यात झाकण बहुतेक वेळ मिटलेलं. तेलाचा पृष्ठभाग भेटला की उघडतं. ऑक्टिलच्या साखळ्यांना लायपेज तेलाचा थेंबच समजलं, झाकण उघडून चिकटलं आणि तसंच उघडं राहिलं. सगळ्याच लायपेजना असं ठळक झाकण नसतं, पण आमच्याला होतं.

संध्याकाळी थोडे बीड्स एसडीएस या डिटर्जंटच्या बफरमध्ये उकळून, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चढवले. ३३ किलोडाल्टनच्या आसपास एकच जाड पट्टी आली. इतर प्रथिनं चाळीस नळ्यांतून निघून गेली होती आणि लायपेज शुद्ध होऊन, उद्योगात हवं तसं, बीड्सवर बसून तयार होतं. सुटं एन्झाइम एकदा वापरलं की द्रावणाबरोबर जातं. बीड्सवरचं गाळून परत वापरता येतं. एस्टर बनवायला सर्रास वापरलं जाणारं नोव्होझाइम ४३५ हेही कँडिडा अंटार्क्टिकाचं बी लायपेज रेझिनवर असंच शोषून घेऊन बनवलेलं असतं.

त्यानंतर आम्ही सॉल्ट वापरणंच सोडलं. अगदी पातळ फॉस्फेट बफरमधून नमुना घालतो. त्यात बाकीची प्रथिनं जवळपास चिकटतच नाहीत, लायपेज तेवढं बसतं. पण ते नुसतं चिकटलेलं असतं, साबणासारखं काही आलं की सुटतं. म्हणून सध्या ग्लुटाराल्डिहाइडने, म्हणजे प्रथिनांना एकमेकांशी जोडणाऱ्या रसायनाने, बांधून बघतेय. थोडी अ‍ॅक्टिव्हिटी त्यात जाते. किती वेळ ठेवलं की ती कमीत कमी जाईल, ते अजून ठरायचंय.